सायकल ट्रॅक आखायचा तर चौकापासून मागे या

रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा मारायचा, बोलार्ड म्हणजे बुटके खांब ठोकायचे, फीत कापायची. आपल्याकडं सायकल ट्रॅकचं काम बहुधा असंच उरकलं जातं. पावसाळा सरेपर्यंत त्या पट्ट्यावर दुचाक्या लागतात, रसाचा गाडा उभा राहतो आणि सायकलवाला पुन्हा टेम्पोच्या बाजूनं जीव मुठीत धरून निघतो. मग बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "सायकल चालवतंय कोण आता?"

सगळी गडबड क्रमात होते. नकाशावर आधी सरळ लांबी आखली जाते, कारण ती सोपी. चौक आला की पट्टा संपतो आणि 'पुढं बघू' म्हणून विषय सोडला जातो. पण वाहनं सायकलची वाट आडवी कापतात ती चौकात, गल्लीच्या तोंडाशी आणि पेट्रोल पंपाच्या दारात. म्हणून काम उलटं करा: आधी चौक, मग गल्ल्या आणि गेट, सरळ लांबी सगळ्यात शेवटी.

खालचे टप्पे वॉर्डात पाठपुरावा करणाऱ्यांना आणि मनपा-नगरपरिषदेत फाइल हाताळणाऱ्या अभियंत्यांना, दोघांनाही धरून लिहिले आहेत.

## टप्पा १: रस्ता कुणाचा आणि त्यावरून जातं कोण

शहरातून जाणारा एकच रस्ता थोडा मनपाचा, थोडा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, थोडा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. छत्रपती संभाजीनगरात वाळूज किंवा चिकलठाण्याच्या बाजूला एमआयडीसीही येते. कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत कोण मालक, हे लेखी घ्या. तोंडी 'आपलाच आहे' यावर विसंबून काम सुरू केलं, तर चौकाच्या अलीकडं पन्नास मीटरवर ते अडतं, आणि नेमका चौकच राहून जातो.

त्याच पत्रव्यवहारात महावितरण, पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि फायबरवाल्यांना विचारा: पुढच्या दोन वर्षांत इथं खोदणार का? उत्तर 'हो' असेल तर त्यांचं काम आधी होऊ द्या.

मग मोजणी. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ, निदान दोन साधे दिवस. आठवडी बाजाराचा, परीक्षेचा किंवा बंदचा दिवस धरू नका. लातूरला ट्युशनच्या बॅचेस सुटतात ती वेळ, वाळूजला पाळी बदलते ती वेळ, या सुटल्या तर मोजणी फुकट. नुसता एकूण आकडा लिहू नका. शाळेच्या मुली किती, कामगार किती, कॅन लावलेले दूधवाले किती, पन्नाशीच्या पुढचे किती, हे वेगळं लिहा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या सायकली तालुक्याच्या गावात दिसतात आणि मोठ्या रस्त्यावर दिसेनाशा होतात. कुठं दिसेनाशा होतात ते ठिकाण नकाशावर मांडा. ट्रॅकची सुरुवात बहुतेक तिथंच असते.

आणखी एक मोजणी, जी जवळजवळ कुणी करत नाही: राँग साइडनं येणाऱ्या दुचाक्या. त्या कुठून निघतात, कुठं वळतात? दुभाजकातलं पुढचं पंक्चर, म्हणजे वळायची मोकळी फट, पाऊण किलोमीटरवर असेल, तर माणूस राँग साइडच येणार, आणि उद्या तुमच्या सायकल ट्रॅकमधूनच येणार. टप्पा ५ मध्ये हे कामाला येईल.

तपासणी: मालकीचं पत्र, खोदकामाची उत्तरं आणि दोन्ही मोजण्या हातात नसतील तर पुढं जाऊ नका.

## टप्पा २: फीत घेऊन रुंदी मोजा

विकास आराखड्यात रस्ता २४ मीटरचा असतो. जागेवर फीत लावली की ओटे, पायऱ्या, जनरेटर आणि विजेची डीपी वगळून २१ भरतो. आखणी जागेवरच्या मापावर करा, आणि दर ५० मीटरवर माप घ्या. सगळ्यात अरुंद ठिकाण शोधायचं आहे, सरासरी काढायची नाही.

समजा खरोखर २४ मीटर मिळाले. मधला दुभाजक १.२ मीटर. उरले २२.८, म्हणजे एका बाजूला ११.४. त्यात वाहनांच्या दोन लेन ६.२ मीटर. राहिले ५.२. फुटपाथवर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर लागते, खांब आणि झाडांसाठी ०.८ धरा. राहिले २.६. त्यात २ मीटरचा एकेरी ट्रॅक आणि ०.६ मीटरचा संरक्षक पट्टा. संपलं. पार्किंगला शून्य.

हे गणित बैठकीत फळ्यावर मांडा. कारण नेमक्या याच ठिकाणी कुणीतरी सुचवतं की ट्रॅक सव्वा मीटरचा करू आणि गाड्यांची एक रांग ठेवू. सव्वा मीटरमध्ये कॅनवाल्याला मागची सायकल ओलांडू शकत नाही. ती बाहेर, रस्त्यावर जाऊन ओलांडते. आणि गाडीचं दार उघडायला जवळपास एक मीटर लागतो. दार आणि सायकल एकाच पट्ट्यात आले की काय होतं ते सांगायला नको. पार्किंग हवंच असेल तर लेन कमी करा, किंवा गाड्या बाजूच्या रस्त्यावर न्या. व्यापारी नाराज होतील. त्यांना माल उतरवायला वेळ ठरवून जागा द्या, त्यांची खरी अडचण बहुधा तीच असते.

रस्ता १२ मीटरच्या आत असेल, संभाजीनगरच्या गुलमंडी किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आतल्या रस्त्यांसारखा, तर ट्रॅकचा नाद सोडा. तिथं वाहनांचा वेग २०-३० च्या आत आणा, सायकल सगळ्यांबरोबर चालू द्या. अशा ठिकाणी पट्टा मारणं म्हणजे निव्वळ रंगाचा खर्च.

सावध: 'जागा वाचते' म्हणून एकाच बाजूला दोन्ही दिशांचा ट्रॅक करू नका. गल्लीतून बाहेर येणारा चालक उजवीकडं बघतो, कारण वाहनं तिकडून येतात. डावीकडून आलेली सायकल त्याला दिसतच नाही. ज्या बाजूला गल्लीच नाही, उदाहरणार्थ रेल्वेची किंवा छावणीची लांब भिंत, तिथंच दुहेरी ट्रॅक चालतो, तोही ३ मीटर रुंद.

## टप्पा ३: चौक

इथं वेळ द्या. एका चौकाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात किलोमीटरभर सरळ ट्रॅक आखून होतो, आणि म्हणूनच चौक टाळला जातो.

कोपऱ्याची गोलाई आधी कमी करा. आपल्या चौकांचे कोपरे इतके पसरट असतात की डावीकडं वळणारा ट्रक ब्रेकही लावत नाही. 'फ्री लेफ्ट'चा फलक असेल तर विचारूच नका. साधारण ६ मीटर त्रिज्येचा कोपरा केला की वाहन आपोआप दबकतं. बस किंवा उसाचा ट्रॅक्टर वळणार असेल तर आतल्या बाजूला खडबडीत दगडी पट्टा द्या: मोठं वाहन त्यावरून चाक नेईल, कार नेणार नाही.

याची खातरजमा कागदावर होत नाही. रविवारी पहाटे नव्या कोपऱ्याची रेष चुन्याच्या फक्कीनं जागेवर मारा, सिटी बसच्या चालकाला एकदा वळायला सांगा. फक्की चाकाला कुठं लागली ते दिसतं. आगारात विनंती केली तर बस मिळते, आणि एका पहाटेत महिनाभराचा वाद मिटतो.

ट्रॅक आत वळवा. आडवा रस्ता ओलांडताना सायकलची वाट मुख्य रस्त्याला चिकटून ठेवू नका. ती साधारण ५ मीटर, म्हणजे एका गाडीएवढी आत घ्या. वळलेली गाडी मग सायकलच्या वाटेसमोर सरळ होऊन उभी राहते, चालकाला काचेतून समोर सायकल दिसते, आणि मागची वाहतूकही अडत नाही. जागा नसेल तर उलट करा: ट्रॅक रस्त्याला अगदी लगत आणा, म्हणजे चौकाच्या आधीच दोघं एकमेकांना दिसतील. मधलं अर्धवट अंतर सगळ्यात वाईट.

थांबण्याची रेष पुढं. सिग्नलला सायकलची रेष मोटारींच्या रेषेच्या २-३ मीटर पुढं द्या. सायकलला ३ ते ५ सेकंद आधी हिरवा मिळाला तर वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला, जिथं चालकाला काहीच दिसत नाही, तिथं सायकल अडकत नाही.

उजवं वळण दोन टप्प्यांत. संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर शाळकरी पोरीनं दोन लेन कापत उजवीकडं जावं ही अपेक्षाच चुकीची. तिला हिरव्यावर सरळ पलीकडं जाऊ द्या, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात २ बाय ३ मीटरची चौकट द्या, तिथं ती सायकल वळवून उभी राहील आणि आडव्या रस्त्याच्या हिरव्यावर निघेल. चौकट सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत येता कामा नये. ती झेब्राच्या आत आणि सावलीत असेल तर उत्तम. मे महिन्यात तिथं दीड मिनिट उभं राहायचं आहे.

सिग्नल नसलेला चौक. बीड, हिंगोली, धाराशिवला असे चौक भरपूर. तिथं सायकल आणि पायी ओलांडण्याची जागा फुटपाथच्या पातळीला उचला, म्हणजे वाहनाला चढून उतरावं लागेल. पुतळ्याचं वर्तुळ असेल तर सायकलला वर्तुळात सोडू नका. ट्रॅक बाहेरून फिरवा आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी उचललेली वाट द्या.

शेअर रिक्षा. कोपऱ्यावर त्या उभ्या राहणारच, कारण प्रवासी तिथंच उतरतो. 'हटवा' म्हणून त्या हटत नाहीत. चौक ओलांडल्यावर २०-२५ मीटरवर त्यांना स्वतंत्र खाच द्या, आणि प्रवाशांची सावली, बाकडं सगळं तिथं न्या. संघटनेच्या लोकांना जागेवर नेऊन आखणी करा. त्यांना एका वेळी किती रिक्षा लागतात हे कुठल्याही सल्लागारापेक्षा चांगलं माहीत असतं.

तपासणी: चौकाच्या नकाशावर सायकलच्या प्रत्येक वाटेवर बोट फिरवा: सरळ, डावीकडं, उजवीकडं, चारही बाजूंनी, म्हणजे बारा वाटा. एका ठिकाणी जरी बोट उचलावं लागलं तरी नकाशा परत पाठवा.

## टप्पा ४: गल्ल्या, गेट, बस थांबे

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक आणि फुटपाथ खाली उतरवू नका. गल्लीतून येणारं वाहन वर चढू द्या. यात दोन फायदे: वाहन हळू होतं, आणि पावसाचं पाणी सायकलच्या वाटेत साचत नाही. मंगल कार्यालय, दवाखाना, पंप यांच्या दारालाही हाच नियम. पंपाला दोन तोंडं असतात, ती जेवढी अरुंद करता येतील तेवढी करा. सलग चाळीस मीटर कर्ब (कडेचा उंच दगड) मोकळा सोडलेला पंप म्हणजे ट्रॅकला पडलेलं भगदाड.

गल्लीच्या आधी ८-१० मीटर काहीही उभं नको: टपरी नको, फ्लेक्स नको, कचऱ्याचा डबा नको. फ्लेक्ससाठी हे आवर्जून सांगतोय. वाढदिवसाचा बॅनर बरोबर त्याच कोपऱ्यावर लागतो.

बस थांब्याशी ट्रॅक थांब्याच्या मागून न्या. थांबा आणि ट्रॅक यांच्यामध्ये उतरणाऱ्या माणसाला उभं राहायला अडीच मीटरची जागा ठेवा, आणि ओलांडायला एक उचललेली वाट.

## टप्पा ५: आता सरळ लांबी

ट्रॅकची जागा फुटपाथला लागून. पार्किंग असेलच तर गाड्या रस्त्याकडं आणि ट्रॅक आत. गाड्यांच्या आणि ट्रॅकच्या मधे दाराचा पाऊण मीटर ते एक मीटर पट्टा.

कशानं वेगळं करायचं? बोलार्डपेक्षा कर्ब बरा. वाहनाच्या बाजूनं १५ सेंटिमीटर उंच, सायकलच्या बाजूनं तिरका, म्हणजे पेडल घासत नाही. पाणी जायला मधे मधे खाचा. दोन-तीन इंची बुटका कर्ब करू नका: रात्री दिसत नाही आणि चाक अडखळून माणूस थेट ट्रॅफिकमध्ये पडतो.

आता दुचाकीचा प्रश्न. स्पष्टच सांगतो: सायकल जाईल आणि मोटारसायकल जाणार नाही अशी फट नसते. जी फट स्कूटीला अडवते, ती दूधवाल्याला, तीनचाकी मालसायकलला आणि व्हीलचेअरलाही अडवते. म्हणून तोंडाशी आडवेतिडवे पाइप लावून काही साधत नाही. बोलार्ड फक्त कार आणि रिक्षा रोखायला, मधली फट १.२ मीटर, प्रत्येकावर रेडियमच्या पट्ट्या. दुचाकी रोखायची असेल तर टप्पा १ मधली राँग साइडची मोजणी काढा. पंक्चर दूर असेल तर जवळ सुरक्षित यू-टर्न द्या. दुचाकीसाठी दुकानासमोर पार्किंगची खाच द्या. उरलेल्यांसाठी वाहतूक पोलिसांची कारवाई, पहिले दोन महिने रोज.

सावध: सगळी लांबी रंगवू नका. तो रंग पावसात निसरडा होतो आणि उन्हाळ्यात धुळीनं मळतो. रंग फक्त तिथं, जिथं वाहन सायकलची वाट कापतं. मग त्या रंगाला अर्थ राहतो.

## टप्पा ६: पक्कं करण्याआधी कच्चं करून बघा

शंकू, वाळूनं भरलेले ड्रम, चुना आणि तात्पुरते कर्ब लावून तीन-चार आठवडे रस्ता तसा चालवा. एक पूर्ण चौक त्यात हवाच. फक्त सरळ तुकड्यावर चाचणी घेतली तर ती यशस्वीच ठरते, म्हणून तिला अर्थ नाही.

या काळात रोज त्याच वेळेला चौकात उभं राहून बघा: सायकलवाले कुठं ट्रॅक सोडतात? पाच जणांनी एकाच ठिकाणी सोडला तर दोष त्यांचा नाही, तिथं खड्डा, गाडा किंवा अवघड वळण आहे. ड्रमच्या जागा लगेच बदला, पुन्हा बघा. ड्रम सरकवायला पैसे लागत नाहीत, काँक्रीट फोडायला लागतात.

चाचणीनंतरच निविदेचा नकाशा पक्का करा. त्यात इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आयआरसीची, रस्त्यांची मानकं, आयआरसी ११ (सायकल ट्रॅक, २०१५ ची सुधारित आवृत्ती), आयआरसी १०३ (पादचारी), आयआरसी ३५ (पट्टे) आणि आयआरसी ६७ (फलक) यांचे क्रमांक लिहून घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं आहे: ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम फाइलवर असलं की मापं 'जागेवर ऍडजस्ट' होण्याचं प्रमाण कमी होतं.

## टप्पा ७: बांधणी

माती. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर ब्लॉक बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात लाटा उठतात. काळी माती काढा, मुरूम भरा, थर देऊन दाबा. वर डांबर किंवा काँक्रीट. काँक्रीटचे सांधे मशीननं कापलेले. ब्लॉकवर सायकल खडखडते, आणि बाजूला गुळगुळीत डांबर दिसत असताना कुणी खडखडाटावर चालवत नाही.

झाकणं आणि जाळ्या. चेंबरची झाकणं ट्रॅकच्या पातळीला आणा, वर नको, खोल तर मुळीच नको. नालीच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात. त्याच दिशेत असल्या की दीड इंची टायर सरळ आत जातं. ही चूक मी नव्या कोऱ्या रस्त्यांवरही बघतो, कारण जाळी बसवणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दहा मिनिटांचं काम: जाळी उचलून फिरवून ठेवा. चौकोनी नसेल तर नवी मागवा.

खांब. महावितरणचा पोल ट्रॅकच्या मधे असेल तर तो आधी हलवा, मग ट्रॅक करा. 'पोलला वळसा' हा पर्याय नाही.

सावली. मे महिन्यात दुपारी सूर्य इथं जवळपास डोक्यावर असतो, सावली झाडाच्या बुडाशीच पडते. म्हणून झाड ट्रॅकच्या अगदी कडेला हवं. उत्तर-दक्षिण रस्त्यावर पश्चिमेकडची रांग आधी लावा, चार वाजल्यानंतरचं ऊन तिकडून येतं. कडुनिंब, करंज चालतील. बाभूळ नको, काटे गळतात आणि पंक्चर काढणाऱ्याचीच सोय होते.

उजेड. दुभाजकावरचे दिवे रस्त्यावर पडतात, झाडांखालचा ट्रॅक अंधारातच राहतो. ट्रॅकसाठी कमी उंचीचा वेगळा दिवा धरा, नाहीतर आठनंतर मुली तिथून जाणार नाहीत.

## टप्पा ८: बिल निघण्याआधी

या तपासण्या मोजमाप पुस्तिकेवर सही होण्याआधी करा. नंतर ठेकेदार फोन उचलत नाही.

१. तीन मीटरची सरळ पट्टी ट्रॅकवर ठेवा. खाली बोट सरकलं तर ती जागा पुन्हा करायची.

२. दर वीस मीटरवर बादलीभर पाणी ओता. उताराला लागून नालीत गेलं पाहिजे. डबकं राहिलं तिथं खडूनं गोल करा.

३. तीन जणांना चालवायला लावा: दप्तर घेतलेली सहावी-सातवीची मुलगी, भरलेल्या कॅनचा दूधवाला आणि साठीच्या पुढचं कुणीतरी. क्लबमधला गिअरच्या सायकलवाला नको, तो कुठूनही जातो.

४. तीच फेरी रात्री साडेआठला, आणि जमलं तर पहिल्या पावसात.

दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदारानंच दुरुस्त करायचा काळ, करारात आहे का, आणि त्यात कर्ब, फलक, पट्टे धरले आहेत का, हेही बघा.

सुरू झाल्यावर झाडझूड हा रोजचा प्रश्न. मुख्य रस्ता झाडताना खडी, काच आणि सराटे ट्रॅकमध्ये ढकलले जातात. ट्रॅक सफाईच्या कंत्राटात स्वतंत्र ओळ म्हणून लिहा, आणि झाडायची वेळ सकाळी सहाच्या आत.

त्यानंतर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रोड कटिंग. नळाच्या जोडणीसाठी किंवा केबलसाठी ट्रॅक कापला की वर खडी-मातीचा उंचवटा ठेवून माणसं निघून जातात. परवानगी देताना अट घाला: ट्रॅकची पूर्ण रुंदी पुन्हा करायची, चर बुजवून भागणार नाही. खोदण्याआधीचा फोटो अर्जाला लावून घ्या, आणि अनामत रक्कम तीच तीन मीटरची पट्टी ठेवून बघितल्यावरच सोडा.